निळा बहावा

दांडीत नायलॉनची जाळी आली त्या वर्षी वत्सलाच्या हातांचा रंग बदलला.

लग्न होऊन नवापूरहून दांडीला आल्यापासून तिचे हात मनगटापर्यंत तपकिरी असायचे. नखं तर काळपटच. किनाऱ्यावरच्या सगळ्याच बायकांचे हात तसे, त्यामुळे कुणाला त्याचं काही वाटत नसे. सुताची आणि तागाची जाळी खाऱ्या पाण्यात लवकर कुजतात. म्हणून दर भांगाला, म्हणजे भरतीचा जोर ओसरतो आणि होड्या किनाऱ्याला पडून राहतात त्या दिवसांत, जाळी घरी यायची. अंगणातलं चुलाण पेटायचं, मोठ्या काहिलीत ऐनाच्या झाडाची साल उकळायची आणि त्या तांबड्याकाळ्या पाण्यात जाळी बुचकळून, निथळून वाळूवर पसरायची. भांग हा पुरुषांच्या विसाव्याचा आणि बायकांच्या मरणाचा. ओलं जाळं किती जड असतं ते उचलणारीलाच ठाऊक. वत्सलाची कंबर त्या जाळ्यांनीच गेली होती. वय काही फार नव्हतं, पण बसलेली उठताना ‘आई गं’ म्हटल्याशिवाय तिला उठता येत नसे.

साल पासष्टचं असावं. तिकडे अणुशक्तीच्या कारखान्याचं बांधकाम धडाक्यात चाललं होतं. बोईसरकडून येणाऱ्या ट्रकांची धूळ वाटेवरच्या झाडांवर बसून पानं पांढरी पडली होती. अशात एक दिवस वत्सलाचा नवरा कमलाकांत पालघरच्या सुताच्या दलालाकडे गेला आणि नायलॉनचं जाळं घेऊन आला. पांढरंशुभ्र, हलकं, चमकणारं. कुजत नाही, उकळावं लागत नाही, धुऊन टाकलं की झालं. दलालाने खुशीखातर एक कॅलेंडरही दिलं होतं. जपानी, आणि गेल्या वर्षीचं.

कमलाकांतचे वडील नामदेवबाबा पडवीत बसून पाग विणत होते. खाडीत उभं राहून फेकायचं ते लहान जाळं. समुद्र सुटला होता, पण पाग सुटला नव्हता. त्यांनी कॅलेंडर हातात घेऊन उलटंपालटं केलं.

“सरलेल्या सालाचं कॅलेंडर देतो? मग सरलेलं दिवस पन परत दे म्हनावं त्याला.”

“बाबा, चित्रं बघा. जपानातली हायत. लाकडाच्या फल्या कोरतात नि कागदावर दाबतात. एकेका रंगाला वेगली फली. दलाल सांगत होता.”

“नि हा लाल शिक्का?”

“चित्र काढनाऱ्याची सही असल.”

“पोस्टाचा असल. एवढ्या लांबनं आलं, पोस्ट सोडतंय काय?”

कमलाकांतने तारखांची पट्टी कापून टाकली आणि खळ लावून चित्रं पडवीच्या भिंतीवर ओळीने चिकटवली. सगळी फुलांची. वत्सलाने आधी त्यांच्याकडे धड पाहिलंही नाही. बोंबील सुकवायचे दिवस होते. ओले बोंबील जोडीजोडीने तोंडात तोंड अडकवून वलांडीच्या बांबूंवर टांगायचे, सुकले की काढायचे, पाटीत भरायचे, बोईसरच्या बाजाराला न्यायचे. तिला बघायला वेळ कुठला?

पण पुढच्या भांगाला तिच्या लक्षात आलं की करायला काहीच नाही. चुलाण थंड. काहील पालथी. वत्सला पडवीत जमिनीवर बसली, पाठ खांबाला लावली, आणि समोर चित्रंच होती म्हणून चित्रं बघू लागली.

त्यातलं एकही फूल कागदाच्या मधोमध नव्हतं. फांदी एका अंगाने आत यायची आणि दुसऱ्या अंगाने निघून जायची, झाड कुठेच नाही. एका चित्रात नुसते उंच पात्यांचे जांभळे फुलोरे आणि खाली पाणी. एकात गवताची चार पाती आणि अर्धा चंद्र. बाकीचा कागद मोकळा सोडलेला. तिला ती मोकळी जागाच फार आवडली. एवढी मोकळी जागा त्यांच्या घरात नव्हती, तिच्या दिवसात तर नव्हतीच. त्या कोऱ्या कागदाकडे बघत राहिलं की तिची कंबर कुणीतरी हळूच दाबून दिल्यासारखं वाटायचं. एका चित्रात लाल फुलांवर काहीतरी पांढरं साचलं होतं. मीठच असणार, असं तिने ठरवून टाकलं. समुद्राकाठची झाडं, वाऱ्याने मीठ येऊन बसलं असेल.

हळूहळू हातांचा रंग उतरला. नखं आधी पिवळी झाली, मग नखांसारखी. स्वतःचे हात असे गोरे बघून तिला लाजल्यासारखं झालं. आणि मग, त्या सुखातच, तिला जिवलीची आठवण झाली.

जिवली ही सूर्या नदीच्या अलीकडच्या एका पाड्यावरची वारली बाई. ऐनाची साल दांडीत येत होती ती तिच्यासारख्यांच्या डोक्यावरून. शिमगा झाला, उन्हं तापली की जिवली सालीचे भारे घेऊन वत्सलाकडे उतरायची. पहिला भारा टाकून एक मुक्काम करायची, मग पुन्हा फेऱ्या. बदल्यात वत्सला तिला पावसाळ्याची सुकी मासळी द्यायची, बोंबील, जवळा, सुकट. पैशाचा संबंध नव्हता. पावसाळ्यात पाड्यावर भाकरीबरोबर दुसरं काही नसायचं, ती सुकी मासळीच चार महिने पुरवून खायची. वत्सलाच्या सासूच्या वेळी जिवलीची आई येत असे. सासू गेली, आई गेली, या दोघींनी तेच चालू ठेवलं.

“तिला सांगायला पायजे,” वत्सला नवऱ्याला म्हणाली.

“मग सांग की. बोईसरच्या बाजारात येतात ना त्या.”

सांगायचं म्हणून ती दोन बाजार डोळे लावून होती. एकदा जिवलीच्या शेजारच्या पाड्यावरची बाई दिसलीसुद्धा. वत्सलाने तोंड उघडलं, तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. गिऱ्हाईक गेलं तोवर बाई गेली. खरं तर हाक मारता आली असती.

चैत्र सरत आला आणि एका सकाळी अंगणात धप्पकन भारा पडला.

“वत्सूबाय, पानी दे गो. नरडं सुकलं.”

जिवली घामाने निथळत उभी होती. ठेंगणी, काटक, कपाळावर गोंदण, अंबाड्यात बहाव्याचा पिवळा तुरा खोवलेला. भाऱ्यापेक्षा ती लहान दिसत होती.

“एवढा भारा एकटीनं आनलास? मंगळ्या कुठं हाय?”

“नवरा गेला अणुशक्तीवर, दगड वाहाया. सांजेला येतो तो दगडासारखाच पडतो. बोलाया सुद्धा होत नाय त्याला.” तिने गटागटा पाणी प्यायलं, तांब्या परत देताना वत्सलाचा हात धरला आणि उलटा करून पाहिला. “हे काय? पांढरंफटक हात! दुखनं काढलंस काय?”

वत्सलाने हात ओढून घेतला. “हां... जरा बरं नव्हतं.”

बोलून गेल्यावर तिला वाटलं, हे काय बोललो आपण. पण जिवली तोवर पडवीत शिरली होती.

“अगो, भितीला काय लावलं हे?”

“जपानातली चित्रं. पालघरच्या दलालानं दिली.”

जिवली भिंतीपुढे उकिडवी बसली. ती स्वतः लग्नघरात चौक काढणारी. पाड्यावर कुणाचं लग्न निघालं की गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने देवचौक लिहायला सवाष्णींत तिला आधी बोलावणं. त्यामुळे तिने ती चित्रं दुसरीने शिवलेली गोधडी चाचपून बघावी तशी पाहिली. जवळ जाऊन, मग मागे सरून.

“ही तर तुमची वालूतली मर्यादवेल.”

“ती वाळूवर सरपटते. ही काठीवर चढलीय बघ.”

“शिकवली असल.” जिवली पुढे सरकली. “ही शेवंती. पन डोकं केवढं गो! ह्या एका फुलात आमच्या पाड्याच्या सगल्या बायांचं अंबाडं झाकतील. नि हे लाल फुलावर काय सांडलं? सावरीचा कापूस?”

“मीठ हाय ते.”

“फुलावर मीठ कोन घालील?”

“वाऱ्यानं येतं. आमच्या तुळशीवर नाय येत?”

“मग ती तुलस कधी अशी फुलली काय? कापूसच हाय. उन्हाचा उडतो तसा.”

दोघींनी त्यावर बराच वेळ घातला. पडवीच्या कोपऱ्यातून नामदेवबाबा म्हणाले, “पीठ असल. बाईनं चालता चालता सांडलं असल. बाया कामापरीस बोलतात जास्ती.” त्यावर जिवली इतकी हसली की तिला खोकला आला. वत्सलाही हसली. कितीतरी दिवसांनी ती अशी दुपारी बसून हसत होती. खांद्यांवरचं काहीतरी उतरल्यासारखं वाटत होतं, आणि त्याच वेळी आत कुठेतरी बारीक काटा रुतत होता.

शेवटच्या चित्रापाशी जिवली थांबली. वरून खाली लोंबणारे निळेजांभळे घोस, बारीक पानं, आणि त्या सगळ्यावरून वरपासून खालपर्यंत ओढलेल्या तिरक्या बारीक रेघा. तिने अंबाड्यातला तुरा काढला आणि चित्राला लावून धरला. वरची फुलं उमललेली, खाली खाली कळ्या. अगदी तसंच.

“बहावा,” ती म्हणाली. “निलीत बुडवलेला. आमची आय सांगायची, कुठंतरी निला बहावा हाय म्हनून. आमी म्हनायचो म्हातारी भुलली. नि ह्या रेघा कसल्या?”

“पाऊस हाय तो. नीट बघ, फुलं भिजून खाली वाकलीत.”

जिवलीने नीट पाहिलं. मग मान हलवली. “मग खोटं चित्र हाय हे.”

“का गं?”

“बहावा फुलला म्हंजे पाऊस यायाला अवकाश असतो. त्या मधल्या दिसांतच तर सगली कामं. साल काढायची, तुझ्याकडं आनायची, सुकट न्यायची, घर शाकारायचं, भाताचा राब भाजायचा. ह्यानं बहावा नि पाऊस एकाच कागदावर घातला. मग मधलं दिवस गेलं कुठं? मानसानं कामं करायची कधी?”

वत्सलाला वाटलं, आता सांगावं. याहून चांगली वेळ येणार नव्हती. जिवली पाय पसरून भिंतीशी बसली होती, तुरा मांडीवर, डोळे अर्धे मिटलेले, पायांना चालून चालून पडलेल्या भेगा. भारा अंगणात होता. तिच्या हिशेबी अजून दरवर्षीच्या बाकीच्या फेऱ्या व्हायच्या होत्या. ‘उद्या सांगू,’ वत्सलाने ठरवलं. ‘आज दमलीय ती.’ खरं तर दमली होती ती स्वतःच. कुणाला काही वाईट सांगायला अंगात जोर लागतो, तो तिच्यात त्या दुपारी नव्हता.

दुसऱ्या दिवशी बोईसरचा बाजार. वत्सला पाटी घेऊन सकाळीच निघाली. जिवली अजून झोपली होती, तिला उठवावंसं वाटलं नाही. बाजारात कारखान्यावरच्या कामगारांची गर्दी होती. एकाने बोंबील नाकाशी नेऊन विचारलं, “मौसी, ताजा है ना?” एरवी तिने त्याला चांगलं सुनावलं असतं, सुक्या मासळीला ताजी का विचारतोस म्हणून. पण त्या दिवशी तिचं ध्यान नव्हतं. काय सांगायचं, कसं सांगायचं, याची ती मनात जुळवाजुळव करत होती. पहिलं वाक्य जुळायचं, दुसऱ्यापाशी अडायचं.

दुपार कलताना ती परत आली तेव्हा सुरूच्या झाडांमधूनच तिला घरावरचा धूर दिसला. आणि उकळलेल्या सालीचा तो तुरट वास. पाटी घेऊन ती धावतच सुटली.

अंगणात चुलाण धडधडत होतं. काहिलीतून वाफा निघत होत्या. बाजूला वाळूवर नायलॉनचं नवं जाळं पडलं होतं. पडलं होतं म्हणजे अर्धं. अर्धं अजून पांढरं, आणि उरलेलं डागाडागांचं, आकसून, वळून गोळा झालेलं, एक आस, म्हणजे जाळ्याचं भोक, लहान तर एक मोठा. बापलेक दोघंही नुकतेच खाडीवरून परतले होते; कमलाकांत डोक्याला हात लावून उभा होता. जिवली काठी हातात घेऊन तशीच खिळली होती, कोपरापर्यंत भिजलेली.

“बघ!” वत्सलाला बघताच कमलाकांत ओरडला. “बघ हिनं काय केलं! उकलत्या पान्यात घातलं! नवं जालं!”

“कोरं होतं ना रं नाखवा,” जिवली म्हणाली. तिचा आवाज अजून समजावणीचा होता. “कोरं जालं दर्यात घालतात काय? हिचं हात बघितलं. म्हटलं दुखन्यातनं उठलीय, हिला कुठं जड उचलाया लावू? ती बाजारातनं येई तवर उरकून टाकू.”

“ते नायलॉन हाय! त्याला साल लागत नाय! पुढं कधीच लागनार नाय! हिनं सांगितलं नाय काय तुला?”

“कमल्या, हलू बोल. बहिरी नाय ती,” नामदेवबाबा म्हणाले. त्यांनी आकसलेला भाग हातात घेतला, ताणून पाहिला. “पान्यात दिसत नाय म्हनून आनलंस ना? आता दिसंल तरी.”

जिवली वत्सलाकडे बघत होती. रागाने नव्हे. डोंगरात ओळखीची वाट चुकावी आणि माणूस उभं राहून मागे बघतं, तसं.

“कुठनं आलं हे जालं?” तिने विचारलं.

“जपानातनं,” कमलाकांत म्हणाला.

जिवलीची नजर पडवीतल्या भिंतीकडे गेली. “फुलं तिथली नि हे पन तिथलंच?”

तिने काठी काहिलीला टेकवून ठेवली, हात लुगड्याला पुसले.

“काल दुपारभर फुलं बघत बसलो आपन,” ती वत्सलाला म्हणाली.

एवढंच. मग पडवीतून आपलं फडकं उचललं आणि निघाली. वत्सलाने घाईघाईने टोपलीत सुके बोंबील भरले आणि सुरूच्या झाडांपर्यंत तिच्यामागे गेली. “जिवले, थांब. हे तरी ने. साल आनलीस ना तू?”

“साल तुमाला लागत नाय. मग बोंबील कशापायी घेऊ? मी मागती बाई हाय काय?”

ती थांबली नाही. वत्सला टोपली घेऊन तिथेच उभी राहिली.

कमलाकांतने आकसलेला भाग कापून टाकला आणि जाळं पुन्हा जोडून घेतलं. त्याचा राग भरती येऊन ओसरावी तसा ओसरला. पण सालीचा भारा अंगणात तसाच होता. वत्सला रोज त्याच्या कडेने जायची. पडवीत बसली तरी आता तोंड समुद्राकडे करून बसायची. ती मोकळी जागा आता मोकळी वाटत नव्हती. त्या पावसाच्या रेघा बघितल्या की तिला वाटायचं, खरंच, मधले दिवस यांनी कुठे टाकले?

एका दुपारी नामदेवबाबांनी विणून झालेला पाग तिच्यापुढे टाकला.

“हा सालीत उकलून दे. सुताचा हाय. मला ते तुमचं मिठाईच्या कागदाचं जालं नको.”

“चुलाण पेटवायचं एवढ्याशा पागासाठी?”

“मग मोठं आन. तुझ्या माहेरी कुठं नायलॉन आलंय अजून?”

म्हातारा सहज बोलून गेला, पुन्हा दाभण-दोऱ्यात गुंतला. वत्सला मात्र तशीच उभी राहिली. खरंच होतं. नवापूरला अजून बहुतेकांची जाळी सुताची नि तागाचीच होती.

दुसऱ्या दिवशी ती नवापूरला गेली. तिची भावजय जमना उंबऱ्यात बसून कोलंबी सोलत होती. वत्सलाचं सगळं ऐकून तिने कपाळाला हात लावला.

“म्हंजे तुमाला नायलॉन आलं, कंबर सुटली, नि तुमी आमची जाळी उकलनार? वन्सं, तुमाला काय सुख टोचतंय काय?”

“टोचतंय खरं,” वत्सला म्हणाली. “दर जाळ्यामागं सुकी मासळी द्यायची. मला नको. जिची साल हाय तिला.”

जमनाने बडबड करत का होईना, बरोबर येऊन घरं दाखवली. काहींनी जाळी दिली, काहींनी थट्टा केली. वत्सलाने ऐकून घेतलं. पुढच्या भांगाला दांडीतल्या त्या एकट्या अंगणातून धूर निघाला. ओली जाळी उचलताना तिच्या डोळ्यांपुढे अंधारी यायची.

“हे सारं बंद व्हावं म्हनून ते जालं आनलं मी,” कमलाकांत ओट्यावरून म्हणाला. “तुझ्या कमरेसाठी. माहीत हाय ना?”

“माहीत हाय.”

“मग?”

“मग काय? एवढा भारा संपू दे.”

तो मग उठला, आणि जाळ्याचं दुसरं टोक त्याने धरलं. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण हे त्याने पहिल्यांदाच केलं.

मिरग जवळ आला तेव्हा वत्सलाची पाटी भरली होती. निघायच्या आदल्या दिवशी तिने ओल्या फडक्याने भिंतीवरचं ते निळ्या बहाव्याचं चित्र हळूहळू सोडवलं. एक कोपरा भिंतीलाच राहिला. गुंडाळी करून पाटीत वर ठेवली.

बोईसरपर्यंत एसटी मिळाली. तिथून रेल्वेचं फाटक ओलांडून पूर्वेला पायी. आजवर जिवली खाली उतरायची, वत्सला कधी वर गेली नव्हती. किती दूर आहे ते तिला त्या दिवशी कळलं. चढ लागला तसा पाटीचा भार मानेत उतरला. वाटेत थांबावं तर पाटी उतरवून द्यायला कुणी नाही, म्हणून ती थांबलीच नाही. दोन्ही अंगांना बहावा फुलला होता. पिवळाधमक, पानं दिसू नयेत इतका. काही घोस गळायलाही लागले होते, वाटेवर सडा पडला होता. आभाळ कोरडं होतं, मिरगाचा कुठे पत्ता नव्हता. मधले दिवस अजून होते, थोडे.

कुडाच्या भिंतीचं, गवताने नुकतंच शाकारलेलं घर. जिवली दारात बसून दोर वळत होती. वत्सलाला बघून ती उठली आणि पाटीला हात लावून उतरवून घेतली. आत जाऊन पाणी आणलं. वत्सला भुईवर बसली ती मट्कन बसली.

“मी सांगितलं होतं ना,” जिवलीच बोलली. पाटीकडे तिने पाहिलंही नाही. “मला नको म्हनून.”

“माझं नाय हे. नवापूरच्या घरांचं हाय. तुझ्या सालीत त्यांची जाळी उकलली. बाबांचा पाग पन.”

“मला बरं वाटावं म्हनून सांगत असशील.”

वत्सलाने नुसते हात पुढे केले. जिवलीने ते धरले, उजेडाला नेले, उलटे केले. मनगटापर्यंत तपकिरी. नखं काळी, अंगठ्याच्या कडेला चिरा पडून त्यातही रंग बसलेला. तो रंग असा तसा लावून येत नाही, हे जिवलीइतकं कुणाला ठाऊक असणार? तिने एका नखावर आपला अंगठा घासून पाहिला. मग हात सोडले, पाटी ओढली आणि वरचा एक बोंबील उचलून मोडून बघितला.

“चांगलं सुकलं हायत,” ती म्हणाली.

“त्या दिवशीच सांगायला हवं होतं,” वत्सला म्हणाली. “तू आलीस तेव्हाच. आता सांगते. पुढल्या सालाला नवापूरची थोडी घरं असतील. एक भारा लागंल, दोन नाय लागनार. त्याच्या पुढल्या सालाला कदाचित तेवढा पन नाय. सगलीकडं तेच जालं येतंय.”

जिवली ऐकत होती. पाड्याच्या खाली कुठेतरी कुऱ्हाडीचा आवाज येत होता, थांबून थांबून.

“नि म्हाताऱ्याचा पाग?”

“तो हाय तवर हाय.”

“खमका हाय. टिकल.” जिवलीने दोर पुन्हा हातात घेतला. “मंगळ्या म्हनतो, दोघं पन दगड वाहू. बघू. मला तिथली धूल सोसत नाय.” तिने एक पीळ घातला, दुसरा घातला. “सांगितलंस ते बरं केलं. भारा डोक्यावर घेतल्यावर कलन्यापरीस हे बरं.”

थोड्या वेळाने वत्सलाला आठवलं, तिने पाटीतून गुंडाळी काढून उलगडली. जिवलीने निळ्या घोसांवरून तपकिरी बोट फिरवलं, पावसाच्या रेघांवरून फिरवलं, फाटक्या कोपऱ्यापाशी थांबवलं.

“तुला आनलंय,” वत्सला म्हणाली. “भिंतीला लाव.”

“इथं? चुलीच्या धुरात? चार दिसांत काला बहावा होईल.” जिवलीने गुंडाळी करून ती परत वत्सलाच्या मांडीवर ठेवली. “तुझ्या पडवीतच असू दे. पागाची साल घेऊन येईन तवा बघीन. खोटं हाय, पन बघाया बरं वाटतं.”

उन्हं उतरल्यावर वत्सला निघाली. जिवली फाट्यापर्यंत आली आणि वळली. पाटी रिकामी होती तरी मान दुखतच होती. चित्राची गुंडाळी तिने काखेत धरली होती. खाली उतरताना गळलेले बहावे पायांखाली येत होते, आणि ती मनात हिशेब करत होती की घरी जाऊन खळ शिजवायची, तर तांदळाचं पीठ डब्यात उरलं आहे का.